उणे १९६ : एका चित्रपटाच्या कामाच्या नोंदी

४ जून २०२४

तिसरा खर्डा काल रात्री संपवला. चित्रपट साधारण ९० मिनिटांचा, काळ २०४९, गाव मुंबईच. नाव सध्या 'उणे १९६'. द्रवरूप नायट्रोजनचं तापमान तेवढं असतं आणि भ्रूण त्याच थंडीत ठेवतात.

गोष्ट थोडक्यात लिहून ठेवते, म्हणजे पुढे बदलली तर कुठून निघालो होतो ते कळेल. एका जोडप्याचे पाच भ्रूण प्रयोगशाळेत तयार होतात. जनुकं तपासून प्रत्येकाची गुणपत्रिका निघते : मधुमेहाचा संभव, उंची, शिकण्याची क्षमता, आणि शेवटी शंभरपैकी एकूण गुण. ९१ गुणांचा भ्रूण निवडला जातो. मुलगी होते. ती साडेआठ वर्षांची झाली तरी तिला अक्षरं उलटसुलट दिसतात, वाचताना अडखळते. घरचे ती गुणपत्रिका घेऊन लॅबमध्ये येतात. बाकीचे चार भ्रूण अजून टाकीत आहेत आणि दहा वर्षं भरायला सहा महिने उरलेत.

दहा वर्षांची अट माझ्या कल्पनेतली नाही. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात ती आहे. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं जतन करायचे, त्यानंतर नष्ट होऊ द्यायचे किंवा संमती असेल तर संशोधनाला द्यायचे. २०४९ मध्येही हा कायदा असेल असं मी धरलंय. भविष्यातली गोष्ट सांगताना सगळंच बदलून टाकलं की बघणाऱ्याला पाय टेकायला जागा राहत नाही.

नायिका सध्या लॅबमधली एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे भ्रूण हाताळणारी तज्ज्ञ आहे, वसुधा.

१९ जून

अंधेरीतल्या एका केंद्राची लॅब बघायला मिळाली. फोनवर आधीच बजावलं होतं : सेंट नको, अत्तर नको, केसात गजरा तर नकोच. वासाचे कण हवेत राहतात आणि भ्रूणांना ते सोसत नाहीत. मी आदल्या रात्री डोक्याला तेलही लावलं नाही.

आत जाता आलं नाही, काचेतून बघितलं. उजेड मंद. भिंतीला इन्क्युबेटर, आत ३७ अंश, शरीरात असतं तेवढंच. काम चाललं होतं तेव्हा दोघी जणी मिळून डिशवरचं नाव मोठ्यानं वाचत होत्या. एकीनं वाचायचं, दुसरीनं कागदाशी ताडून बघायचं, मगच डिश हलवायची. हा प्रसंग चित्रपटात जसाच्या तसा घ्यायचा. दोन बायका एक नाव मोठ्यानं वाचतायत, ज्याचं नाव आहे तो माणूस तिथे नाही, आणि ज्याला नाव मिळणार आहे तो तर अजून कुणीच नाही.

मॅडमनी पाचव्या दिवसाचा भ्रूण पडद्यावर दाखवला. गोल फुगा आणि आत एका कडेला पेशींचा पुंजका. पुंजक्यापासून बाळ होतं, बाहेरच्या आवरणापासून वार. जनुकांच्या तपासणीसाठी पेशी घेतात त्या बाहेरच्या आवरणातल्या, पाचसात. म्हणजे बाळ ज्यातून होणार त्याला हात न लावता, वार ज्यातून होणार तिथल्या चार पेशी बघून अंदाज बांधायचा. मला हे माहीत नव्हतं. संहितेत मी 'भ्रूणाचं रक्त तपासलं' असं लिहून ठेवलंय. त्या वयात रक्त कुठलं असायला!

मग टाक्यांची खोली. एका ताईंनी टाकीचं झाकण उचललं, पांढरं धुकं काठावरून खाली उतरलं आणि त्यांच्या चपलांभोवती पसरलं. त्यांनी एक लांब पट्टी आत बुडवली, थोडा वेळ धरली, बाहेर काढून हवेत हलवली. पट्टीवर एका उंचीपर्यंत पांढरं दव चढलं. जिथे दव संपतं तिथवर नायट्रोजन. आकडा वहीत लिहिला, झाकण लावलं. इतक्या महागड्या यंत्रांमध्ये हे मोजणं एका पट्टीवर आणि एका वहीवर चालतं. आईनं पूर्वी स्टोव्हमधलं रॉकेल काडी बुडवून बघावं, तसंच.

निघताना विचारलं, मुलगा की मुलगी असं कुणी विचारतं का? मॅडम म्हणाल्या, "बाई स्वतः विचारत नाही. सोबत आलेलं कुणीतरी विचारतं. ती तेव्हा पर्समध्ये काहीतरी शोधत असते."

२ जुलै

दोन आठवडे वाचन. त्यातलं एक साल डोक्यातून जात नाही : १९८६.

६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएम इस्पितळात हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम. मुंबईची टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचं नाव घरोघरी पोचलं. एक मुलगी जन्माला यावी म्हणून सरकारी पगारावरची माणसं एका म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात वर्षानुवर्षं खपली.

आणि त्याच साली डॉ. संजीव कुलकर्णींनी याच शहरातल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून पाहणी केली. ८४ टक्के डॉक्टर गर्भाचं लिंग ओळखण्यासाठी गर्भजल परीक्षा करत होते. ही परीक्षा मुळात गर्भातले जनुकीय दोष शोधायला निघालेली. आत्ता पाचशे खर्चा, पुढचे लाखो वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती तेव्हा उघडपणे लागत. लाखो म्हणजे हुंडा.

एकच शहर, एकच साल, आणि हा सगळा मामला गर्भपिशवीभोवतीचाच. परळच्या पुलावर उभं राहिलं तर दोन्ही गोष्टी चालत जाण्याच्या अंतरावर.

बायकांच्या संघटना आणि काही डॉक्टर रस्त्यावर उतरले म्हणून १९८८ ला महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा यावर कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, अमलात आला १९९६ ला. २००३ च्या दुरुस्तीनं गर्भ राहण्याआधीची लिंगनिवडही त्यात आली, म्हणजे लॅबमधले भ्रूणसुद्धा. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ ला ९१३ होत्या आणि २०११ ला ८९४.

मी विज्ञानपट लिहायला बसले तेव्हा 'पुढे काय होईल' हा प्रश्न घेऊन बसले होते. आता वाटतं, पुढचं बरंचसं इथे होऊन गेलंय. तंत्र कशासाठी निघालं ही एक गोष्ट, आणि उंबरठा ओलांडून घरात आल्यावर त्याचं काय झालं ही वेगळीच. मला घरातलं दाखवायचंय.

११ जुलै

निर्मात्यांबरोबर बैठक. त्यांना कृत्रिम गर्भपिशवी हवी आहे, पारदर्शक, निळ्या प्रकाशातली, आत हलणारं बाळ. पोस्टरवर छान दिसेल हे खरं. मी सांगितलं की २०१७ ला फिलाडेल्फियाच्या मुलांच्या इस्पितळात कोकराचे अपुऱ्या दिवसांचे गर्भ द्रवानं भरलेल्या पिशवीत चार आठवडे वाढवले. ते काम लवकर जन्मलेल्या जिवाला वाचवण्याचं होतं, आईला बाजूला सारण्याचं नव्हे. आपल्या गोष्टीला तिचा उपयोग नाही. ते नाराज झाले, पण पैसे काढून घेत नाहीत. शूटिंगचे दिवस १८ वरून १४ झाले.

२८ जुलै

आईनं संहिता वाचली. चष्मा पुसून पुसून चार दिवस. मी तिच्याकडे मुद्दाम दिली, ती शिक्षिका होती आणि चुकीला चूक म्हणते.

तिला गुणपत्रिकेची कल्पना लगेच कळली. "आपल्याकडे चालेल हे," म्हणाली, "दहावीच्या निकालाला पेढे वाटतो, तसे याचेही वाटतील." मग सासूच्या प्रसंगावर बोट ठेवलं. मी सासू ओरडताना दाखवली होती, दुसरं मूल ८४ गुणांचं घ्यायलाच हवं म्हणून ताट ढकलणारी.

"अगं, असं कुणी ओरडत नाही. ओरडली असती तर भांडता तरी आलं असतं. त्या गोड बोलतात. 'आम्ही काही जबरदस्ती करत नाही हं, निर्णय तुझाच.' आणि पानात तूप वाढतात."

मी बराच वेळ काही बोलले नाही. गेल्या वर्षभरात या चित्रपटाला मिळालेली ही सगळ्यात महत्त्वाची सूचना. मी वसुधाच्या मागे धावत होते, कारण मायक्रोस्कोप तिच्यापुढे आहे. पण गोष्ट त्या सुनेची आहे. सही तिची, सुया तिला टोचणार, पोट तिचं, आणि निर्णय तिचा आहे असं तिला सगळे सांगतात. 'नाही' म्हणायची जागा मात्र घरात कुठेच ठेवलेली नाही. चौथा खर्डा तिच्या बाजूनं लिहायचा.

२१ ऑगस्ट

गणपतीच्या तोंडावर लालबागला जाणं म्हणजे दिवस घालवणं, तरी गेले. क्लिनिकच्या दारातला फलक हातानं रंगवलेला हवा होता. सत्तरी ओलांडलेले एक पेंटर काका अजून काम करतात असं आर्टवाल्या मुलानं सांगितलं होतं. मंडळाच्या देखाव्याचा पडदा रंगवत होते. मांडीवर काठी, काठीवर मनगट, हात जराही हलत नाही.

मी मजकूर दिला : 'येथे भ्रूणांची गुणपत्रिका दिली जात नाही.' त्यांनी दोनदा वाचला.

"ताई, हा आपल्या त्या बोर्डासारखा ना? लिंगनिदान केले जात नाही?"

हो म्हटलं. मग ते बोलायला लागले. ऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला दवाखान्यांचे बोर्ड त्यांच्याकडे असायचे. 'गर्भजल परीक्षा केली जाईल', निळ्यावर पिवळी अक्षरं. पुढे कायदा आला तेव्हा त्याच दवाखान्यांनी त्यांनाच बोलावलं, आता लिहा 'केली जात नाही'. एका ठिकाणी नवा पत्रासुद्धा आणला नाही. जुन्यावरच पांढरा हात मारून घेतला.

"पांढरा पातळ होता. मी सांगितलं, दोन हात लागतील. ते म्हणाले एकात भागवा. दुपारी ऊन पडलं की खालचं 'केली जाईल' दिसायचं."

मी विचारलं, तेव्हा काय वाटायचं? त्यांनी कुंचला टर्पेंटाइनमध्ये बुडवला. "अक्षर चांगलं यावं एवढंच बघायचो. मजकूर गिऱ्हाइकाचा." मग पडद्याकडे वळले आणि बराच वेळ काहीच रंगवलं नाही.

घरी येताना लोकलमध्ये गोष्ट बदलली. आपल्या २०४९ मध्ये गुणपत्रिकांवर बंदी आधीच आलेली असेल, २०४२ ला. जोडप्यानं ती घेतली तेव्हा ती कायदेशीर होती. आता लॅब देत नाही, पण घरच्या कपाटात जन्मपत्रिकेच्या शेजारी जुना कागद आहे आणि त्यावर बाकीच्या चौघांचे गुण आहेत. कायदा लॅबच्या दारापर्यंत पोचतो, कपाटापर्यंत नाही.

काकांना फोन करून सांगितलं : आधी 'गुणपत्रिका मिळेल' रंगवा, वाळू द्या, त्यावर पांढऱ्याचा एक हात, मग नवीन मजकूर. ते म्हणाले, दोन बोर्डांचे पैसे होतील. अर्थात.

९ ऑक्टोबर

वाचनाची तालीम. लॅबप्रमुखाचं काम करणाऱ्या नटानं विचारलं, मी खलनायक आहे का? नाही. त्यांना कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींबद्दल सांगितलं. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जुलै १९७८ मध्ये इंग्लंडला जन्मली, त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला, मुखर्जींची दुर्गा. गोठवलेला भ्रूण त्यांनी तेव्हा वापरला. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, संशोधनापासून तोडलं, आणि १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. पुढे त्यांच्या वह्या तपासून हे काम खरं होतं असं मांडलं ते हर्षाच्या जन्मामागच्याच आनंद कुमारांनी, पहिलेपणाचा मान स्वतःकडून काढून देत. या क्षेत्रात अशी माणसं आहेत. त्यांना राक्षस करून दाखवणं मला जमणार नाही, आणि खरंही नाही ते.

गुणांच्या खरेपणाचा एक संवाद वाढवला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं गणित मांडलं होतं : एकाच जोडप्याचे दहा भ्रूण घेऊन त्यातला सर्वांत वरचा निवडला, तरी सरासरीपेक्षा उंचीत सुमारे अडीच सेंटिमीटर आणि बुद्ध्यांकात सुमारे अडीच अंकांचा फरक. शिवाय हे अंदाज ज्या माहितीवर बेतलेत ती बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांची, आपल्याला ते आणखी ढिले बसतात. लॅबप्रमुख हे सगळं सुनेच्या नवऱ्याला सांगतो. नवरा सगळं ऐकून विचारतो, "पण ९१ हे ८४ पेक्षा जास्तच ना?" पंचवीस वर्षांनी विज्ञान पुढे गेलं असेल, हा प्रश्न इथेच असेल.

५ डिसेंबर, शूटिंगचा चौथा दिवस

गिरगावातलं बंद पडलेलं नर्सिंग होम. कॉल टाइम सहाचा.

टाकीचं धुकं. खरा नायट्रोजन आणायचा आर्टवाल्यांचा बेत मी मोडला. बंद खोलीत तो हवेतला ऑक्सिजन ढकलून देतो, माणूस कळायच्या आत कोसळतो. ड्राय आइस आणि गरम पाणी वापरलं, तेही खिडक्या उघड्या ठेवून आणि लाइटदादांना दर दहा मिनिटांनी बाहेर पाठवून. धुकं तसंच काठावरून उतरलं. पट्टीवरचं दव मात्र खोटं दिसत होतं. मेणाचा हात देऊन बघितला, मीठ लावून बघितलं. शेवटी स्पॉटदादांनी पट्टी ड्राय आइसच्या पेटीत खुपसून ठेवली आणि काढून हवेत हलवली. चढलं दव. सगळे गप्प उभे राहून ती रेघ बघत होते.

संध्याकाळी फलक. कॅमेरा सांभाळणाऱ्या डीओपीनं दुपारपासून उन्हाची वाट बघितली. सव्वाचारला तिरकी उन्हं आली आणि 'दिली जात नाही' च्या पोटातून 'मिळेल' उमटलं. काकांनी पांढरा अगदी तेवढाच पातळ ठेवला होता.

९ डिसेंबर, आठवा दिवस

तुपाचा प्रसंग. पुरण केलं होतं, खरं. सासूचं काम करणाऱ्या ताई चाळीस वर्षं रंगभूमीवर आहेत. पहिल्या टेकला त्यांनी वाक्य टाकलं आणि सुनेकडे बघितलं. मी सांगितलं, बघू नका, फक्त तुपाची धार बघा. दुसऱ्या टेकला "निर्णय तुझाच" म्हणताना त्यांनी चमचा पोळीवर निथळून घेतला, एक थेंब वाया जाऊ नये असा. सेटवरची कंटिन्युइटीची मुलगी उठून बाहेर गेली. नंतर म्हणाली, तिला तिची बहीण आठवली. मी पुढे विचारलं नाही.

मुलीचं काम करणारी छोटी दिवसभर काकांनी दिलेला रिकामा पत्रा आणि खडू घेऊन बसली होती.

२२ जानेवारी २०२५

रफ कट १०४ मिनिटं. फलकाचा शॉट मी ४० सेकंद ठेवला होता. एडिटर म्हणाला, तुम्हाला तो कसा सापडला हे तुम्हाला माहीत आहे, प्रेक्षकाला नाही. बरोबर आहे. नऊ सेकंद राहिले, संगीताशिवाय. मुलगी फलक मोठ्यानं वाचायचा प्रयत्न करते आणि तिला खालची आणि वरची अक्षरं एकत्र दिसतात, एवढंच. ज्या डोळ्यांना सगळे दोष म्हणतात त्यांना दोन्ही मजकूर दिसतात हे कुणी पात्रानं बोलून दाखवायचं नाही असं ठरवलंय.

शेवट अजून बसत नाही. सून चारही भ्रूणांचा अर्ज भरायला लॅबमध्ये येते, वसुधा नाव मोठ्यानं वाचते, सही होते. सगळं नीट आहे पण ती त्या दिवशी घरातून कशी निघाली तेच मी दाखवलेलं नाही. घरी सांगून आली? कुणाला?

९ फेब्रुवारी

आईला घरी टीव्हीवर रफ कट दाखवला. तुपाच्या प्रसंगाला ती काही बोलली नाही. शेवटाला म्हणाली, "ही बाई न सांगता आलेली नाही. काहीतरी सांगून आली असणार."

मग तिनं चाळीतली गोष्ट सांगितली, मी कधी ऐकली नव्हती. समोरच्या खोलीत एक काकू होत्या, दोन मुली असलेल्या. वर्षाआड म्हणायच्या, दोन दिवस गावाला जाऊन येते. पिशवी छोटी. दोन दिवसांनी परत यायच्या, आठवडाभर नळावर दिसायच्या नाहीत, आणि त्यांच्या वाटचं पाणी आई भरून द्यायची. "सगळ्यांना माहीत असायचं. आम्ही विचारायचो, गावाकडे पाऊस कसा आहे. त्या सांगायच्या, बरा आहे."

मी आईला विचारलं, हे वाक्य घेऊ? तिनं टीव्हीचा रिमोट टेबलावर सरळ करून ठेवला. "घे. नाव नको लिहूस."

१६ फेब्रुवारी

डबिंग, अंधेरी. सून दारात पाठमोरी आहे असा एक शॉट आमच्याकडे होता, ओठ दिसत नाहीत. त्यावर वाक्य टाकलं : "दोन दिवस गावाला जाऊन येते." आतून सासूचा आवाज, "पाऊस असेल गं तिकडे." आणि सून, "असू दे."

त्या काकूंना जावं लागत होतं. आमची सून स्वतःहून जाते, तेच वाक्य सांगून. अभिनेत्रीला मी चाळीची गोष्ट सांगितली नव्हती. सहा टेक झाले. पाचव्यात गळा भरून आला होता, साउंडवाल्यांना तो आवडला. मी सहावा ठेवला, भाजी आणायला निघाल्यासारखा. चपलेचा आवाज वेगळा रेकॉर्ड केला. पुढच्या बुधवारी टाकीच्या झाकणाचा आवाज करायचा आहे.